शोकातील अमर्ष : मराठी विलापपरंपरेतील एक दुर्लक्षित पदर

१

करुण रसाची चर्चा मराठी समीक्षेत विपुल झाली आहे. परंतु ती बहुतांशी आस्वादकाच्या बाजूने झाली आहे. दुःखद प्रसंगाचे चित्रण वाचून वाचकाला आनंद का व्हावा, हा त्या चर्चेचा मध्यवर्ती प्रश्न होता. न. चिं. केळकरांची सविकल्प समाधीची उपपत्ती, के. ना. वाटवे यांच्या ‘रसविमर्शा’तील (१९४२) मानसशास्त्रीय मांडणी, ग. त्र्यं. देशपांडे यांनी ‘भारतीय साहित्यशास्त्रा’त (१९५८) केलेले अभिनवगुप्तांच्या भूमिकेचे विवरण, या साऱ्यांत दृष्टी रसिकावर स्थिरावलेली आहे. ज्याचे माणूस गेले आहे तो काय बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि त्या बोलण्यातून काय मागतो, हे प्रश्न त्यामुळे दुय्यम राहिले. याचा एक परिणाम असा झाला की, शोकाच्या भाषेत जागोजागी आढळणारा संताप समीक्षेच्या नजरेतून निसटत राहिला. तो दिसला तेव्हा त्याला ‘शोकाचा आवेग’ म्हटले गेले; आवेग ओसरला की उरतो तो शुद्ध करुण, असे मानले गेले.

प्रस्तुत निबंधात या समजुतीची ऐतिहासिक तपासणी करावयाची आहे. प्रियजनाच्या वियोगानंतर मनात साठणारा राग हा शोकाला चिकटलेला बाह्य विकार नसून शोकाचेच एक अंग आहे. मात्र तो शब्दांत आणण्यासाठी एक रूप लागते आणि त्याहूनही अधिक, तो ज्याला सांगायचा असा कोणी संबोधित लागतो. असा संबोधित मिळेपर्यंत हा राग एकतर मुका राहतो किंवा बोलणाऱ्यावरच उलटतो. मराठी विलापपरंपरेचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर तो संबोधिताच्या शोधाचाही इतिहास ठरतो.

२

प्रथम शास्त्राकडे पाहू जाता, भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा करुणाचा आणि क्रोध हा रौद्राचा स्थायी भाव सांगितला आहे. या दोन रसांचा संबंध भरताने एका दिशेने जोडला आहे: रौद्राचे जे कर्म, त्याचा परिणाम म्हणून करुण संभवतो. एकाने क्रोधाने प्रहार करावा आणि दुसऱ्याने शोक करावा, असा हा कार्यकारणभाव आहे. उलट दिशेचा, म्हणजे शोकातून क्रोध निपजण्याचा विचार तेथे सूत्ररूपाने येत नाही. करुणाच्या व्यभिचारी भावांची यादी दीर्घ आहे. निर्वेद, ग्लानी, चिंता, मोह, विषाद, दैन्य, जडता, उन्माद असे अनेक भाव तिच्यात आहेत. परंतु अमर्ष आणि उग्रता हे दोन भाव त्या यादीत नाहीत, ते रौद्राकडे गेले आहेत. अमर्ष म्हणजे झालेला अन्याय किंवा अवमान सहन न होणे. शोकाकुल व्यक्तीला दैन्य शोभते, उन्मादही शोभतो, पण अमर्ष शोभत नाही, असा या वाटणीचा अर्थ होतो.

तथापि ही भिंत अभेद्य नाही. ‘आवेग’ हा व्यभिचारी भाव भरताने करुण आणि रौद्र या दोन्हींच्या ठिकाणी सांगितला आहे. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त परस्परविरोधी रसांची गणना केली, तीत करुणाचे विरोधी म्हणून हास्य आणि शृंगार आले, रौद्र आला नाही. म्हणजे शास्त्राने शोक आणि क्रोध यांना एकत्र नांदण्यास मनाई केलेली नव्हती. त्यांच्या एकत्र नांदण्याला स्वतंत्र नाव मात्र दिले नव्हते. ज्या अनुभवाला शास्त्रात नाव नसते, तो समीक्षेत शेजारच्या नावाने ओळखला जाऊ लागतो. शोकातील अमर्षाचे तसेच झाले.

पाश्चात्त्य विचारातही ही गोष्ट उशिरानेच स्पष्ट झाली. फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या शोक आणि विषण्णता यांवरील निबंधात विषण्ण मनुष्याच्या आत्मनिंदेचे विश्लेषण करताना असे दाखवले की, तो स्वतःवर जे आरोप करतो ते मुळात गमावलेल्या व्यक्तीवरचे असतात. ते वळून आत आलेले असतात. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या ग्रंथामुळे क्रोध ही एक ‘अवस्था’ म्हणून सर्वतोमुखी झाली. पण मूळ ग्रंथाचा विषय मरणोन्मुख रुग्ण हा होता, मागे राहिलेले आप्त हा नव्हता, याचा पुढे विसर पडला. या संदर्भात मानववंशशास्त्रज्ञ रेनाटो रोझाल्डो यांचा अनुभव विशेष बोलका आहे. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरील इलोंगोट लोक शत्रूचे मुंडके का तोडतात, या प्रश्नाला वृद्ध इलोंगोट एकच उत्तर देत: शोकातून जो संताप उठतो, तो कोठेतरी टाकावा लागतो. रोझाल्डोंना हे उत्तर कित्येक वर्षे अपुरे वाटत होते. त्यामागे काही अधिक गहन अर्थव्यवस्था असेल, देवघेवीचा काही नियम असेल, असे ते शोधत राहिले. १९८१ साली त्यांची पत्नी आणि सहसंशोधक मिशेल रोझाल्डो यांचा त्याच बेटावर क्षेत्रकार्य करीत असताना कड्यावरून पडून मृत्यू झाला. त्यानंतर इलोंगोटांचे ते एका वाक्यातले उत्तर त्यांना अक्षरशः समजले. १९८९ च्या ‘कल्चर अँड ट्रूथ’ या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी हे मांडले आणि २०१४ मध्ये त्याच मृत्यूवरील कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. शास्त्रीय निबंधापासून कवितेपर्यंत पोहोचण्यास त्यांना तीन दशके लागली. शोकातील संताप समजणे आणि तो उच्चारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कालावधीवरून ध्यानात येते.

३

भारतीय परंपरेत काव्याचा उगमच शोकात मानला गेला आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकींचा शोक श्लोक झाला, हे आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनिसिद्धान्ताच्या समर्थनार्थ सांगितले आणि तेव्हापासून ते काव्यशास्त्राचे जणू मंगलाचरण झाले. अभिनवगुप्ताने त्यावर आणखी संस्कार केला: हा शोक मुनीचा व्यक्तिगत शोक नव्हे, तो रसरूपास पोहोचलेला शोक होय. ही मीमांसा सूक्ष्म आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यात एक साधी गोष्ट बाजूला पडते. वाल्मीकींच्या मुखातून निघालेले ते पहिले वचन विलाप नाही. ते शापवचन आहे. ते क्रौंचीला उद्देशून नाही, मृत पक्ष्याला उद्देशून नाही, दैवाला उद्देशून नाही; ते निषादाला उद्देशून आहे आणि त्याला त्याच्या कृत्याबद्दल जाब विचारणारे आहे. छंदाचा जन्म शोकातून झाला असे म्हणताना, तो शोकातील अमर्षातून झाला असेही म्हणावे लागते.

परंपरेला ही अडचण जाणवत होती. खुद्द रामायणातच, शब्द उच्चारून झाल्यावर आपण हे काय बोललो, असा विचार मुनीला पडतो. पुढच्या काळातील टीकाकारांनी तर त्या वचनाचा श्लेषाने दुसरा अर्थ लावला: निषाद म्हणजे लक्ष्मीचे निवासस्थान असलेला विष्णू, आणि मारले गेलेले ते मिथुनातील एक म्हणजे रावण, म्हणून हा शाप नसून आशीर्वाद आहे. आदिकाव्याचा आरंभ अशुभ वचनाने होऊ नये, ही त्यामागची धारणा समजण्याजोगी आहे. परंतु शोकाच्या संतापाचे मंगलवचनात रूपांतर करण्याची ही क्रिया केवळ त्या एका श्लोकापुरती राहिलेली नाही. पुढे मराठीतही ती वेगवेगळ्या वेषांत दिसते.

महाभारताच्या स्त्रीपर्वात हा संताप अधिक उघड आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. युद्ध संपले आहे. शंभर पुत्र गमावलेला धृतराष्ट्र भीमाला आलिंगन देऊ इच्छितो. कृष्ण पुढे लोखंडी पुतळा सरकवतो आणि धृतराष्ट्र तो चुरडून टाकतो. राग बाहेर पडतो, पण खोट्या लक्ष्यावर. आणि तो बाहेर पडल्यावर लगेच धृतराष्ट्र भीमासाठी रडू लागतो. गांधारीचे तसे होत नाही. ती पांडवांना शाप देणार हे जाणून व्यास तिला आवरतात. तिने राग आवरला तरी डोळ्यांवरच्या पट्टीच्या कडेतून पडलेल्या तिच्या दृष्टीने युधिष्ठिराच्या पायाची नखे काळवंडतात. कोंडलेल्या क्रोधाची याहून नेमकी प्रतिमा भारतीय वाङ्मयात क्वचितच सापडेल: राग गिळला आहे, म्हणून तो फटीतून गळतो आणि समोर जो असेल त्याला भाजतो.

यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. व्यासांच्या कृपेने मिळालेल्या दिव्यदृष्टीने गांधारी सारे रणांगण पाहते आणि एकेक शव कृष्णाला दाखवीत जाते. सुना, लेकी, विधवा यांची नावे घेत हा दीर्घ विलाप चालतो. त्याच्या अखेरीस ती कृष्णाकडे वळते आणि त्याला जाब विचारते: तुझ्यात सामर्थ्य होते, तुझे दोन्ही पक्ष ऐकत होते, तरी तू हे होऊ दिलेस. मग शाप येतो: छत्तिसाव्या वर्षी तुझेही कुल असेच नष्ट होईल. या क्रमातील तर्क पाहण्यासारखा आहे. विलाप हा शापाचा पूर्वार्ध आहे. तो आरोपपत्रासारखा पुरावा मांडतो. पांडवांवरचा राग आवरल्यामुळे तो नाहीसा झालेला नाही. गांधारीने तो तपासला, त्याचा खरा धनी शोधला आणि मग तो उच्चारला. कृष्ण हा शाप स्वीकारतो, ही गोष्टही तितकीच अर्थपूर्ण आहे. संबोधिताने आरोप ऐकून घेतला, म्हणून गांधारीचे बोलणे पूर्ण झाले.

प्राचीन ग्रीसमध्ये सोलोनने स्त्रियांच्या सार्वजनिक विलापावर बंधने घातली होती. शोक करणारी माता नगरराज्याला धोकादायक का वाटत असे, याचा विचार निकोल लोरो यांनी १९९० च्या आपल्या फ्रेंच पुस्तकात केला आहे. त्यांच्या मते विस्मरणाला नकार देणारा मातेचा कोप राजकीय व्यवस्थेला परवडत नाही. स्त्रीपर्वात हा कोप मनाई करून बाहेर ठेवलेला नाही; तो ग्रंथातच आला आहे आणि त्याचा परिणाम मौसलपर्वात प्रत्यक्ष घडताना दाखवला आहे. पण स्त्रीपर्वाच्या वाचनाची परंपरा मात्र गांधारीच्या शापापेक्षा तिच्या पातिव्रत्याकडेच अधिक वळलेली दिसते.

४

मराठीत हा प्रश्न संतकाव्यात वेगळ्या रूपाने येतो. वारकरी कवितेला कृष्णासारखा समोर उभा असलेला, बोलणारा संबोधित नव्हता. तिच्यापुढे विटेवर उभा असलेला मूक विठ्ठल होता. या मौनाशी भांडण्याची एक समर्थ भाषा संतांनी घडवली. जनाबाईला परंपरेने पोरकी मानले आहे. लहानपणी आई गेल्यावर ती नामदेवाच्या घरी दासी म्हणून राहिली. ती विठोबाला आई म्हणते आणि त्याच विठोबाला अरेतुरे करून, बायाबापड्या भांडणात देतात तशा शिव्याही देते. या अभंगांना सामान्यतः ‘सलगीची भक्ती’ म्हणून कौतुकाने वाचले जाते. सलगी त्यांत आहेच. परंतु ज्याला आई मानले त्यानेही पाठ फिरवली, ही पोरकेपणाची जुनी जखम त्या शिव्यांखाली आहे. सलगी हे त्या रागाला मिळालेले परवानापत्र आहे.

तुकारामांच्या बाबतीत संदर्भ अधिक ठळक आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यवसाय बुडाला. या साऱ्याचा उल्लेख त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत केला आहे. दिवाळे निघाले, दुष्काळाने गांजले, बायको गेली, हे सारे बरेच झाले, अशा आशयाचा त्यांचा अभंग वैराग्याचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितला जातो. तसा तो आहे. परंतु हानींची एकामागून एक केलेली ती गणना देवाला उद्देशून आहे, हे नजरेआड करता येत नाही. ज्याला खरोखर काहीच वाटेनासे झाले आहे, तो यादी करीत बसत नाही. आभाराच्या रूपात मांडलेला हा हिशेब ऐकणाऱ्याला अवघडून टाकतो. तुकारामांच्या भांडणाच्या अभंगांत हाच हिशेब उघड होतो: तेथे देव ऋणको आहे आणि भक्त धनको. दुकानदारीच्या, कर्जखताच्या, धरण्याच्या भाषेत तुकाराम देवाकडे येणे मागतात. दिलीप चित्रे यांनी ‘पुन्हा तुकाराम’मध्ये (१९९०) तुकारामांना आधुनिक कवितेच्या अंगाने वाचले, त्यामुळे संतपणाच्या आवरणाखालचा हा संघर्ष मराठी वाचकाला नव्याने दिसू लागला.

येथे मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांची आठवण अपरिहार्य आहे. परंपरा सांगते ती परिस्थिती अशी: आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आहे, मुले अनाथ झाली आहेत, लोकांनी अवमान केला आहे आणि ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आहेत. ही ताटी म्हणजे कोंडलेल्या रागाचे प्रत्यक्ष दृश्य रूप आहे. मुक्ताबाई राग सोडण्याचा उपदेश करते. म्हणून या रचना क्षमेचे स्तोत्र म्हणून पाठ होत आल्या. मात्र तिच्या मागणीचा मुख्य शब्द दार उघडण्यासंबंधी आहे. भावाने एकटे बसून राग धरू नये, बाहेर यावे, ही तिची विनवणी आहे. रागाला उत्तर मिळते ते उपदेशामुळे की दाराबाहेर कोणी तरी थांबले आहे या जाणिवेमुळे, हा प्रश्न या अभंगांच्या वाचकाने स्वतःला विचारावयास हवा.

संतांनी शोधलेला हा संबोधित समर्थ होता, पण त्याची एक मर्यादा होती. विठ्ठलाशी भांडता येत असे. ज्या व्यवस्थेने दुष्काळात माणसे मरू दिली किंवा प्रायश्चित्ताचा निवाडा दिला, तिच्याशी त्याच भाषेत भांडणे अवघड होते. तुकारामांसारख्या कवीने तेही काही प्रमाणात केले, हे मान्य करूनही, वैयक्तिक हानीचा राग मनुष्यनिर्मित व्यवस्थेवर सरळ रोखण्यासाठी गद्याची आणि मुद्रणाची वाट पाहावी लागली.

५

१८८२ हे साल या दृष्टीने निर्णायक आहे. त्या वर्षी पुण्यात दोन स्त्रियांची दोन पुस्तके छापली गेली. दोघी विधवा होत्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ ही ती पुस्तके होत. दोन्ही एकाच काळात, एकाच नगरात छापली गेली असली तरी त्यांचे स्वर परस्परांपासून कमालीचे दूर आहेत.

ताराबाईंच्या पुस्तकाचे निमित्त परकीय होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. या खटल्यानंतर वृत्तपत्रांत स्त्रियांच्या नीतीवर जी झोड उठली, तिला ताराबाईंनी उत्तर दिले. स्वतःच्या वैधव्याची कहाणी त्या सांगत नाहीत. दुसऱ्या एका विधवेच्या निमित्ताने त्या बोलतात, पुरुषांना थेट हाक मारून बोलतात, आणि देवांनाही त्या उलटतपासणीतून वगळत नाहीत. घरगुती भांडणाची बोली, म्हणी, टोमणे, प्रश्नांची सरबत्ती हे सारे त्यांच्या गद्यात येते. जनाबाईने जी भाषा विठोबापुढे वापरली, तिचे मानवी न्यायालयात झालेले हे स्थलांतर आहे. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. पुस्तकाची हेटाळणी झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुनर्मुद्रित करीपर्यंत. क्रोधाला संबोधित मिळाला तरी तो ऐकेलच असे नाही. ऐकण्यासाठी येथे नव्वद वर्षे लागली.

रमाबाईंच्या वाट्याला आलेले मृत्यू तर एकामागून एक होते. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील भ्रमंतीत उपासमारीने आईवडील गेले, मागोमाग बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी दास मेधावी पटकीने गेले. कडेवर लहान मुलगी होती. याच वर्षी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली. या पुस्तकात शोक नाही आणि संतापही नाही. आहे तो उपदेश. स्त्रियांनी आळस सोडावा, विद्या मिळवावी, स्वावलंबी व्हावे, असे तेथे स्त्रियांनाच बजावले आहे. दोषाचा मोठा वाटा स्त्रियांच्या अज्ञानाकडे जातो. उपदेशपर ग्रंथाचा तो प्रघात होता, हे खरे. तरीही फ्रॉइडच्या निरीक्षणाची येथे आठवण होते: आरोप आहे, पण तो आत, स्वजातीकडे वळलेला आहे.

पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. येथे स्वर पालटलेला आहे. मनुस्मृतीची उलटतपासणी आहे, वैधव्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, रखमाबाई खटल्यातील निकालाबद्दलचा उद्वेग आहे. हा पालट केवळ विचारांच्या प्रगतीचा नव्हे. संबोधित बदलला होता. बालविधवांच्या शाळेसाठी साहाय्य मागताना त्या अमेरिकी वाचकांशी बोलत होत्या. त्या वाचकाला घडलेल्या अन्यायाची हकिगत सांगणे आवश्यकच होते. जे पुण्यातील भगिनींपुढे उपदेश झाले, ते परक्या श्रोत्यांपुढे आरोप होऊ शकले. अर्थात यातही एक पेच आहे. परक्यापुढे आपल्या समाजावर केलेला आरोप परक्याच्या पूर्वग्रहाला पुष्टी देऊ शकतो, ही टीका रमाबाईंवर तेव्हाही झाली. संबोधित निवडणे म्हणजे रागाचा अर्थ ठरवणे, आणि हा अर्थ बोलणारीच्या ताब्यात पूर्णपणे राहत नाही.

६

स्त्रियांच्या आत्मचरित्रांनी विसाव्या शतकात आणखी एक रूप सिद्ध केले. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या. शिकते म्हणून घरातल्या स्त्रियांनी केलेला छळ रमाबाई तपशिलाने सांगतात. पण त्यावरची स्वतःची प्रतिक्रिया जवळजवळ पुसून टाकतात. राग शब्दांत येत नाही, तो तपशिलाच्या अचूकतेत राहतो. इतक्या वर्षांनंतर कोण काय बोलले हे जिला आठवते, तिला ते लागले होते, हे सांगावे लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) यापुढची पायरी गाठतात. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तत्कालीन समाजाच्या दृष्टीने लक्ष्मीबाईंसाठी हा जिवंतपणीचा वियोग होता: पती हयात होता, पण संसार मोडला होता; शोकाचा कोणताही विधी उपलब्ध नव्हता. या काळातील आपली भ्रमिष्टासारखी झालेली अवस्था त्यांनी वर्णन केली आहे आणि याच दिवसांत आपण कविता रचू लागलो, त्याने मनाचा भार हलका झाला, असेही नोंदले आहे. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले. आणि त्यानंतर दीड दशकाने ही स्मृतिचित्रे प्रकाशित होऊ लागली. तोवर रागाने विनोदाचे रूप घेतले होते. टिळकांचा विक्षिप्तपणा, बेफिकिरी, घरातला पैसा वाऱ्यावर सोडणे, हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. हा विनोद क्षमाशील आहे, म्हणून त्याचे कौतुक झाले. पण तो आधी तक्रार आहे आणि मग क्षमा आहे. ज्याच्यावर रागावता येते त्याच्यावरच असे प्रेम करता येते, हे त्या गद्याने मराठी वाचकाला शिकवले. मृत पतीविषयी केवळ गौरवानेच बोलावे, हा संकेत त्याने सैल केला.

पुरुष कवींनी स्त्रीच्या तोंडी घातलेल्या विलापांचा वेगळा विचार करावा लागतो. ‘वाग्वैजयंती’त (१९२१) समाविष्ट झालेली गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ ही कविता मराठीतील करुणाचा उत्कर्ष मानली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकी हुंदक्यांनी वाचली गेली. मूल मेले आहे हे आईला मान्य नाही; ते निजले आहे, असे ती म्हणते. पण ती हे शून्याला सांगत नाही. मूल न्यायला आलेल्या माणसांना ती दटावते आहे. तिच्या बोलण्याचे व्याकरण विलापाचे नसून प्रतिकाराचे आहे. ‘भ्रम’ म्हणून जे वाचले जाते, ते समाजाच्या घाईला दिलेले प्रत्युत्तर म्हणूनही वाचता येते. कवितेचे हे अंग दिसले नाही, याचे कारण कवितेत नसून करुणाच्या ठरीव अपेक्षेत आहे.

७

या परंपरेला सर्वांत धीट वळण इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) दिले. त्यांनी गांधारीचा विचार स्त्रीपर्वातील शापापाशी थांबवला नाही. युद्धानंतरच्या वनवासात धृतराष्ट्र आणि गांधारी यांचा संवाद त्यांनी कल्पिला. तेथे गांधारीच्या पट्टीकडे पातिव्रत्याचे चिन्ह म्हणून पाहिलेले नाही. फसवून केलेल्या विवाहाविरुद्धचा आयुष्यभराचा मुका क्रोध म्हणून पाहिले आहे. आणि विशेष हे की, हा विषय धृतराष्ट्र काढतो. आपल्यावर झालेला आरोप आरोपीच प्रथम उच्चारतो, तो मान्य करतो आणि पट्टी सोडण्याची विनंती करतो. मूळ संहितेत व्यासांनी आवरायला लावलेला, नखांवरून गळलेला आणि शेवटी कृष्णाकडे वळवलेला राग येथे त्याच्या पहिल्या कारणापर्यंत परत नेला आहे. पुत्रांचा शोक हा त्या रागाचा एकमेव उगम नव्हता. मृत्यूने जुनी हानी उघडी पाडली होती. वियोगानंतरचा संताप पुष्कळदा आजच्या मृत्यूपेक्षा जुना असतो, ही जाण मराठी निबंधाने येथे मिळवली.

असे म्हणता येईल की, शाप, भांडण, प्रतिवादाचा निबंध, आत्मचरित्रातील विनोद आणि कल्पित संवाद ही शोकातील अमर्षाने मराठीच्या पूर्वपरंपरेत आणि मराठीत घेतलेली रूपे आहेत. त्यांचा क्रम सरळ विकासाचा नाही. एक रूप आले म्हणून आधीचे संपले, असेही नाही. प्रत्येक रूपाला स्वतःची मोकळीक आहे आणि स्वतःची किंमत आहे. शाप परिणामकारक असतो, पण तो नव्या शोकाला जन्म देतो. मौसलपर्व त्याची साक्ष आहे. देवाशी भांडण दीर्घकाळ चालू शकते, पण व्यवस्था अबाधित राहते. प्रतिवाद व्यवस्थेला भिडतो, पण बोलणारीला एकटे पाडतो. विनोद ऐकला जातो, पण त्यातील तक्रार विसरली जाण्याची भीती असते.

समीक्षेपुढील प्रश्न यातूनच उद्भवतो. शोक करणाऱ्याचे बोलणे केवळ आस्वादाचा विषय मानले, की त्यातील मागणी निष्प्रभ होते. वाचकाचे डोळे पाणावतात आणि जाब अनुत्तरित राहतो. रसव्यवस्थेला नाकारण्याची येथे गरज नाही. करुणाच्या व्यभिचारी भावांच्या यादीत अमर्षाला जागा आहे काय, हा प्रश्न त्या व्यवस्थेच्या आतूनही विचारता येतो, कारण आवेगाच्या रूपाने तिने दार थोडे उघडे ठेवलेलेच आहे. ही जागा मान्य केली तर जनाबाईच्या शिव्या, ताराबाईंचे टोमणे आणि गोविंदाग्रजांच्या त्या आईची दटावणी एका रांगेत येऊन उभी राहतात. मग मराठी विलापाचे वाचन करताना किती अश्रू आले, याच्या बरोबरीने कोणाला काय विचारले गेले आणि त्याने काय उत्तर दिले, याचीही नोंद ठेवावी लागेल. गांधारीच्या बाबतीत ती नोंद महाभारतकारांनी ठेवली होती: कृष्णाने ऐकले, आणि नाकारले नाही.